खदान बंद होताना वावराचं काय? जनसुनावणी या सेवेचं परीक्षण

जनसुनावणी, म्हणजे खदानीसारख्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सभा, ही सरकारने गावाला दिलेली सेवा आहे, असं धरून हे परीक्षण लिहिलं आहे. तिला मुदती आहेत, ठरलेली पद्धत आहे, मिळायलाच हवेत असे कागद आहेत. मग मोजणीची किंवा पीककर्जाची सेवा तपासतो तशी हीही तपासता येते. वणी, माजरी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, उमरेड, सावनेर या कोळसा पट्ट्यातली गावं डोळ्यांपुढे आहेत. तपासायचा मुद्दा एकच: खदान किंवा वीज केंद्र बंद झाल्यावर त्या जमिनीचं काय करायचं हे ठरवताना ही सेवा गावाच्या किती कामाची?

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी अडीच. कागद आणि नोंद या बाजूंना बरे गुण, वेळेच्या बाजूला फारच कमी. सुनावणी होते ती खदान उघडताना किंवा वाढवताना. बंद करताना होत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेत खदान बंद करण्यासाठी वेगळी सुनावणीच नाही. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी जमीन कशी हवी हे पहिला ब्लास्ट व्हायच्या आधीच मागून ठेवावं लागतं. क्षमतावाढ ठरावीक टक्क्यांच्या आत असेल तर सुनावणीतून सूटही मिळू शकते, म्हणजे पुढची संधी येईलच याची खात्री नाही. ज्या गावाने त्या दिवशी फक्त नोकरी आणि मोबदला मागितला, त्याच्याकडे खदान आटोपताना दाखवायला एक ओळही नसते. नोकरी-मोबदला जरूर मागा. पण त्याच निवेदनात जमिनीचंही मागा, कारण ती पुढच्या पिढीला लागणार आहे.

आता सेवा मिळते कशी ते पाहू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात जाहिरात द्यायची आणि लोकांना निदान ३० दिवस द्यायचे. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडीसारख्या साधनाने कळवायचं, हेही अधिसूचनेतच आहे. त्यामुळे 'आमच्या गावात पेपर येत नाही' ही तक्रार तोंडी करून सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीकडून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र पाठवा आणि दवंडी कोणत्या तारखेला दिली ते लेखी मागा. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, चंद्रपूर आणि अमरावतीला आहेत.

ईआयए अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक पंचायत आणि पर्यावरण मंत्रालयाचं विभागीय कार्यालय इथे पाहायला ठेवायचा असतो. विभागीय कार्यालय नागपूरलाच आहे. सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक मराठी सारांश वाचतात आणि थांबतात. थोड्या पानांच्या सारांशात जमिनीचा विषय दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. खरा मजकूर मोठ्या अहवालात आणि त्याला जोडलेल्या खाण बंद आराखड्यात असतो, तोही इंग्रजीत. बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या, दोन दिवस काढा आणि 'लँड यूज' हे शब्द असलेली पानं शोधून त्यांची झेरॉक्स घ्या. सगळा अहवाल वाचायची गरज नाही.

त्या पानांवर एक तक्ता असतो आणि गावाचं पुढचं चित्र त्यातच असतं. आडव्या बाजूला तीन रकाने: खाणकामाआधी, चालू असताना, आणि नंतर. उभ्या बाजूला शेती, जंगल, पडीत, खणलेला भाग, बाहेरचा ओबी ढिगारा (कोळशावरून काढलेली माती-दगड), हरित पट्टा, रस्ते, वसाहत, पाण्याचा खड्डा. आकडे हेक्टरमध्ये असतात, २.४७ ने गुणले की एकर मिळतात. आधीच्या रकान्यात शेती समजा ३२० हेक्टर आहे, तर सरळ नंतरच्या रकान्यातली 'शेती' बघा. तिथे शून्य किंवा डॅश असेल तर तुमचं वावर कधीच वावर होणार नाही, असं कंपनीने लिहूनच दिलं आहे. बहुतेक वेळा ते हेक्टर 'वृक्षारोपण' आणि 'जलाशय' या दोन ओळींत गेलेले दिसतील. वृक्षारोपण म्हणजे उतारावरची झाडं, जलाशय म्हणजे शेवटी उरलेला खड्डा. त्यात वाईट काही नाही, पण एकूण जमिनीपैकी किती खड्डा आणि तो किती खोल, हे दोन आकडे वेगळे काढून कागदावर लिहा. पुढचं सगळं निवेदन या दोन आकड्यांवर उभं राहतं.

तक्त्याला गाव नकाशा जोडा. अहवालातला नकाशा लहान प्रमाणावर काढलेला असतो, त्यावर गट नंबर ओळखू येत नाहीत. भूमी अभिलेखचा गाव नकाशा घ्या, खदानीची हद्द त्यावर पेन्सिलने उतरवा, आणि प्रत्येक गट नंबरसमोर लिहा: खड्डा, ढिगारा, रस्ता, का हरित पट्टा. हे काम एका दुपारचं आहे. पांदण कुठे तुटते, नाला कुठून वळवला, ढोरं पाण्यावर न्यायची वाट ढिगाऱ्याखाली जाते का, हे तेव्हाच लक्षात येतं. जुन्या मध्यप्रांतात असलेल्या गावांनी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जची नक्कलही काढावी. चराई, मसणवट, आखर, पाणवठा, वहिवाटीचे रस्ते यांच्या नोंदी तिथे असतात. सातबारा हा एकेका कास्तकाराचा कागद, निस्तार पत्रक हा अख्ख्या गावाचा. मोबदला सातबाऱ्यावर मिळतो आणि निस्ताराचा हक्क कोणी न मागितल्यामुळे बुडतो. राजुऱ्याकडची गावं पूर्वी हैदराबाद राज्यात होती. तिथे हे पत्रक मिळालं नाही तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या नोंदी आणि गाव नकाशावरच्या वाटा यांचा आधार घ्या. गट झुडपी जंगलात (महसूल नोंदीत याच नावाने लिहिलेली झुडपांची जमीन) येतो का तेही पाहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगल वनजमिनीत धरलं आहे, त्यामुळे त्या जमिनीची वाट वेगळी.

मग निवेदन. इथे आमचं मत ठाम आहे: सुनावणीत बोलण्यापेक्षा लिहून दिलेलं टिकतं. मंडप, माइक, गर्दी, घोषणा यात माणूस बोलून जातो आणि इतिवृत्तात 'पुनर्वसनाबाबत मागणी केली' एवढीच ओळ उरते. कंपनीचं उत्तरही तसंच येतं: 'नियमानुसार करण्यात येईल.' मोघम मागणीला मोघम उत्तर देता येतं. गट नंबर, फूट, वर्ष आणि करणाऱ्याचं नाव असलेल्या मागणीला तसं उत्तर देणं अवघड जातं. नमुना असा:

'मौजे अमुक, गट क्र. ४१ ते ५६ मधील काळी कन्हार माती सुमारे पाच फूट खोल आहे. ही माती खणण्यापूर्वी वेगळी काढून गट क्र. ६० मध्ये साठवावी. खाणकाम संपलेल्या भागात भराव करून जमीन सपाट करावी आणि त्यावर किमान तीन फूट मूळ काळी माती पसरावी. हे काम कोणत्या वर्षी सुरू होऊन कोणत्या वर्षी संपेल, ते खाण बंद आराखड्याच्या तक्त्यात लिहावे.'

तीन फूट का? कपाशी आणि तुरीची मुळं सोटमूळ, ती खोल जातात. फूटभर काळी माती दगडी भरावावर टाकली तर पहिल्या पावसात पाणी खाली निसटतं, ऑक्टोबरात जमीन भेगाळते आणि पीक बोंडावर असताना सुकतं. भरावाची जमीन पुढची कैक वर्षं बसत राहते, तीही सारखी बसत नाही. जागोजागी खोलगट होऊन डबकी साचतात. म्हणून माती पसरल्यावर दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा सपाटीकरण मागा, आणि त्या भागात घरकुलं किंवा शाळा नको, हेही लिहा.

साठवलेल्या मातीचंही तसंच. उंच ढीग करून दहा-पंधरा वर्षं ठेवलेली माती आतून मरते. हवा जात नाही, त्यातलं जिवाणूंचं जग संपतं. ढीग बुटके असावेत, त्यावर शेंगवर्गीय पीक किंवा गवत पेरलेलं असावं, आणि शक्यतो माती साठवण्याऐवजी थेट तयार भरावावर न्यावी. प्रमाणाचा अंदाज असावा म्हणून हिशेब: एका एकरावर तीन फूट माती म्हणजे सुमारे १३०० ब्रास. चार ब्रासच्या टिप्परने सव्वातीनशे खेपा. शंभर एकरांसाठी तेहतीस हजारांच्या आसपास. एवढं काम शेवटच्या वर्षी एकदम होत नाही. ते खाणकामाबरोबर वर्षावर्षाला झालं तरच होतं, आणि म्हणून वर्षाचा रकाना मागायचा.

खड्ड्याबद्दल तीन गोष्टी मागा. पहिली, उताराचा रस्ता. डंपर ज्या वाटेने खाली जातात तो रॅम्प शेवटी मोडू नये, पाण्यापर्यंत पोचायची तीच एक सुरक्षित वाट असते. बाकी कडा उभ्या असतात, ढोर किंवा पोर घसरलं तर वर यायला जागा नसते. दुसरी, कुंपण आणि कडांचा उतार. तिसरी, पाण्याची तपासणी: पीएच, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, सल्फेट, लोह आणि फ्लोराइड. कोळशाबरोबर गंधकाची खनिजं असतात, ती हवा-पाण्यात आली की पाणी आंबट होऊ शकतं. फ्लोराइड चंद्रपूर-यवतमाळच्या भूजलात आधीच त्रास देतं. पाणी स्वच्छ, निळं दिसतं म्हणून ते पिण्याचं ठरत नाही. ओलितासाठी चालेल का हेही क्षारांचा आकडा पाहिल्याशिवाय सांगू नये.

आणि त्या खड्ड्यात पुढे काय भरणार, हे विचाराच. आपल्याकडे खदानी आणि औष्णिक केंद्रं शेजारी-शेजारी आहेत: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा. केंद्रांची राख कुठे जाणार हा प्रश्न जुना आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांवर राखेच्या पूर्ण वापराचं बंधन घातलं, जुनी साठलेली राखही दहा वर्षांत वापरायला सांगितली, आणि खदानीचे रिकामे खड्डे भरणं हा त्यातला मान्य वापर आहे. म्हणजे तक्त्यात 'जलाशय' लिहिलेली जागा पुढे राखेचा तलाव होऊ शकते. राखेने खड्डा भरणं मुळातच चूक आहे असं आमचं म्हणणं नाही. ती माती-दगडात मिसळून, वर जाड मातीचा थर देऊन, आजूबाजूच्या विहिरींवर लक्ष ठेवून भरली तर जमीन परत मिळू शकते. पण विहिरींची आधीची तपासणी नसेल तर नंतर पाणी बिघडलं हे सिद्ध कसं करणार? म्हणून राख पडायच्या आधी गावातल्या चार दिशांच्या चार विहिरींचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. राखेच्या बांधांचं दुर्लक्ष काय करतं ते जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा बंधाऱ्याचा बांध फुटला तेव्हा खालच्या वावरांनी पाहिलं आहे.

सुनावणीच्या दिवसाबद्दल थोडक्यात. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. गणपूर्ती लागत नाही, पाच माणसं आली तरी सुनावणी वैध, म्हणून नुसता बहिष्कार टाकून ती थांबत नाही. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी मुद्द्यांचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो, तेव्हा मंडप रिकामा होऊ लागलेला असतो. दोन माणसं तिथेच थांबली पाहिजेत. जमिनीचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे उभं राहून नोंदवायला सांगा. निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. आदल्या पंधरवड्यात ग्रामसभा घेऊन ठराव जोडला तर वजन वाढतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत ती जमत नाही, तारीख तशी धरा.

या टप्प्यावर सेवा चांगली वागते. इतिवृत्त आणि कंपनीची उत्तरं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी आणि मंडळाच्या कार्यालयात लावायची असतात, आणि मांडलेले मुद्दे धरून कंपनीने अंतिम अहवालात बदल करायचा असतो. पुढे मंजुरीपत्र परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर येतं. पोर्टल आम्हाला उपयोगी वाटलं: प्रकल्पाच्या नावाने किंवा जिल्ह्याने शोधता येतं, अहवालाची पीडीएफ मिळते. दोष हा की गावाच्या नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही आणि बहुतेक कागद इंग्रजीत असतात. फाइल नंबर एकदा वहीत लिहून ठेवा, मग दर वेळी शोधावं लागत नाही.

सेवा लंगडी पडते ती यानंतर, खदान आटोपत आली की. याच बाबतीत अणुवीज केंद्रांची तुलना उपयोगी आहे, कारण तिथे बंद करणं हा वेगळा, मोठा टप्पा मानतात. अमेरिकेत अणुकेंद्र कायमचं थांबलं की दोन वर्षांच्या आत मोडणीचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज नियामक आयोगाला द्यावा लागतो, आणि आयोग केंद्राजवळच लोकांची सभा घेतो. मोडणी ६० वर्षांच्या आत पूर्ण करायची. जमीन सर्व वापरांना मोकळी करायची कसोटीही आकड्यात आहे: उरलेल्या किरणोत्साराने माणसाला वर्षाला २५ मिलिरेमपेक्षा (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये. तिथेही त्रुटी आहेच. त्या सभेत आयोग ऐकून घेतो, आराखड्याला मंजुरी देत नाही. म्हणून मेन राज्यातल्या मेन यांकी केंद्राच्या वेळी स्थानिक लोकांची सल्लागार समिती बसवली होती. ते केंद्र १९९७ मध्ये बंद झालं, मोडणी २००५ पर्यंत संपली, बरीचशी जमीन मोकळी झाली; वापरलेलं इंधन मात्र पिंपांत भरून तिथेच आहे, आणि तेवढी जागा कुंपणाआड आहे. यातून घेण्यासारखं हे की जमीन एकदम सुटत नाही, तुकड्यातुकड्याने सुटते. कोणता तुकडा, कोणत्या वर्षी, कोणत्या कसोटीवर, हे विचारायचं असतं.

पैशाचीही तुलना करा. आपल्याकडे अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे २ पैसे मोडणीसाठी बाजूला पडतात. तारापूरचा १६० मेगावॉटचा एक जुना संच दिवसभर पूर्ण चालला तर ३८ लाख ४० हजार युनिट, म्हणजे दिवसाला ७६ हजार ८०० रुपये. कोळसा खदानीसाठी एस्क्रो खातं, म्हणजे काम झाल्यावरच पैसे सुटतात असं राखीव बँक खातं, असतं. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत खुल्या खदानीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतसाठी १ लाख रुपये हा पायाभूत दर होता, ऑगस्ट २००९ च्या किमतींना धरून, पुढे महागाईप्रमाणे वाढणारा. ४०० हेक्टरच्या खुल्या खदानीला त्या पायाभूत दराने २४ कोटी. त्या सूचनांप्रमाणे जसजसं काम होईल तसतशी यातली ८० टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीला परत मिळू शकत होती, उरलेली शेवटी. आता गावाने विचारायचं: कोणत्या कामापोटी किती रक्कम उचलली? ज्या हेक्टरवर माती पसरल्याचं दाखवलं, त्याचे गट नंबर कोणते? माहितीच्या अधिकारात जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. केंद्राच्या कंपनीला अर्ज असेल तर शुल्काची पद्धत वेगळी, पोस्टल ऑर्डर चालते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. 'खदान संपली की जमीन मूळ मालकाला परत' असा आपोआप लागू होणारा नियम नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१ ताब्यानंतर पाच वर्षं न वापरलेल्या जमिनीबद्दल आहे. तीस वर्षं कोळसा काढलेली जमीन त्यात बसत नाही. कोळसा पट्ट्यातली पुष्कळ जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली आहे, आणि २०२२ मध्ये केंद्राने ठरवलं की खाणकाम झालेली अशी जमीन सरकारी कोळसा कंपनीकडेच राहून सौर प्रकल्प, कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), पर्यायी वनीकरण, पुनर्वसन अशा कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येईल. त्यामुळे मालकीवर सगळा जोर लावून बसलेल्या गावाच्या हाती बहुधा निराशा येते. वापरावर जोर लावलेल्या गावाला चराईची जागा, पांदण, ओलिताचं पाणी, मासेमारीचा हक्क मिळवायला जागा असते.

अंतिम बंद आराखडा नियोजित बंद होण्याच्या निदान पाच वर्षं आधी द्यायचा असतो. त्याला सुनावणी नाही, पण तो कागद आहे आणि कागद मागता येतो. खदानीचं आयुष्य ईआयए अहवालात लिहिलेलं असतं. त्यातून पाच वजा करून ते वर्ष ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवा. त्या वर्षी ग्रामसभेचा ठराव करून आराखड्याची प्रत आणि संयुक्त पाहणी मागा. पाहणीत वर्कशॉपची जागा विसरू नका. तिथल्या मातीत डिझेल-ऑइल मुरलेलं असतं, ती खरवडून न्यायला लावा. ढिगाऱ्याचा उतार डोळ्यांनी ठरवू नका. मंजुरीपत्रांत २८ अंशांची मर्यादा दिसते; मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अॅपनेही अंदाज येतो, दहा फूट आडवं गेल्यावर सव्वापाच फुटांपेक्षा जास्त चढ असेल तर उतार मर्यादेबाहेर आहे. आणि तोवर दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी किती पाळल्या हे कंपनीने सांगायचा) बघत राहा. १ जून आणि १ डिसेंबर या तारखा आहेत. त्यात मातीच्या अटीसमोर 'पालन केले' असं लिहिलेलं असेल तर किती घनमीटर आणि कोणत्या गटात, हे त्याच आठवड्यात नागपूरच्या विभागीय कार्यालयाला लेखी विचारा.